रुईचं बूच

बंद पडलेल्या कारखान्यामागं, फुटकी कौलं टाकत तिथं
ती रुई उभी आहे. माणसाएवढी, मळकी.
शनिवारी पोरं पानं ओरबाडून नेतात मारुतीला,
बाकी सहा दिवस तिच्याकडं बघतंय कोण.

मी बघते. प्रॅक्टिकलला खोडं लागतात.
शेंड्याचं एक, पेनाएवढं, पांढऱ्या लवेचं.
मधलं एक, हिरवं की तपकिरी ते अजून न ठरलेलं.
आणि बुंध्याचं, राखाडी, भेगाळ,
नखानं दाबलं तर दबणारं.
चीक डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही,
हे मला पुस्तकाच्या आधी आप्पानं सांगितलं होतं.

गाजराच्या चिरेत खोड धरायचं,
वस्तरा आपल्याकडं ओढायचा.
पहिल्या दहा चकत्या जाड. अकरावी अर्धी.
बारावी पाण्यावर तरंगते,
तिच्याखाली ठेवलेलं अक्षर वाचता येतं.

शेंड्याच्या चकतीत काहीच घडलेलं नाही.
बाहेर एकपदरी त्वचा, आत गोल हिरव्या पेशी,
मधे हवेला फिरायला बोळ.

मधल्या चकतीत बघा.
त्वचेखालचा एक थर, वाढ संपवून बसलेला,
पुन्हा दुभंगायला लागतो;
नातवंडं झालेल्या बाईनं उठून शाळेत नाव घालावं तसा.
एक पेशी बाहेर, एक आत.
मग बाहेर, बाहेर, परत बाहेर.
आतल्या थोड्या, त्या जगतात.
बाहेरच्या पुष्कळ. चपट्या, ओळीनं, एकीला लागून एक,
त्यांच्या भिंतींत मेणासारखं काही मुरत जातं
आणि पाण्याची ये-जा थांबते.
मग त्या मरतात.

"मरतात म्हंजे?" गर्लगुंजीचा सातेरी विचारतो.
म्हणजे आतलं सगळं आटतं. हवा राहते. भिंत राहते.
त्यानं वहीत लिहिलं : *मेल्यावर कामाला लागतात.*
मार्क द्यावेत की कापावेत, कळेना मला.

कडेमनी मॅडम तोगटे म्हणतात, मी साल म्हणते,
पुस्तक त्वक्षा म्हणतं,
आणि बाटल्या धुणारा मष्णू, बूच.
वस्तऱ्याला चारही सारखेच चिवट लागतात.

एकदा आप्पा डबा द्यायला आला, खानापूरच्या बाजारातनं.
एकतीस वर्षं कौलांच्या राशी लावलेला माणूस.
बस म्हटलं, एक डोळा मीट.
बराच वेळ वाकून होता.
"वळ सरळ हाय," म्हणाला. "थर बी नीट.
खरं वारं कुठनं जाणार गं?
कच्चं कौल असं चिकटून लावलं
तर आत घाम धरतं."

मी पट्टी बोटभर सरकवली.
तिथं ओळ मोडलेली, सैल गोल पेशींचा एक ढीग,
वरची त्वचा फाटून ओठासारखी उघडलेली.
वल्करंध्र, म्हणाले. मग म्हणाले, फट. मुद्दाम सोडलेली.
"हां," म्हणाला आप्पा, आणि डबा उघडायला लागला.

बुंध्याची चकती राहिलीच होती.
ती आज कापली. वस्तरा मधेच कच्चकन अडला.
काळी खाच, तिच्यात गंजाचा डाग;
आणि खाचेच्या खालून, आत वळून,
बुचाची नवी रांग, वाटीसारखी.
कारखान्याला कुलूप घातलं तेव्हा
कुणीतरी फाटकाची तार ह्या रुईलाच आवळली होती.
तार केव्हाच भंगारात गेली.

"कुठल्या साली, मॅडम?" सातेरीनं विचारलं.
भिंगावरनं डोळा न काढता मी म्हटलं,
ह्याच.